लाखोरीचं पहिलं पाणी

पार्बतामावशी, तू गेलीस त्याला आज चौदा दिवस झाले. व्यायामशाळेच्या फाटकाजवळ, जिथे तू मासोऱ्यांचं टोपलं मांडून बसायचीस, तिथे आता एक खरजुलं कुत्रं येऊन झोपतं. परवा मी त्याला दगड मारला. लागला नाही. ते नुसतं मान उचलून माझ्याकडे बघत राहिलं आणि मलाच लाज वाटली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "काहून मारून राहिला रे भैताडा? त्यानं का तुही जागा घेतली?" माझी नाही मावशी, तुझी घेतली. म्हणूनच मारला.

तू किती वर्षांची होतीस, कोणत्या तापानं गेलीस, हे सांगणारे पवनीत पुष्कळ आहेत. मी त्यांच्यातला नाही. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं एक भांडण दहा वर्षं चाललं आणि मिटायच्या आत तू उठून गेलीस. शिवाय एक गोष्ट तुला सांगायची राहिली. राहिली म्हणजे काय, माझ्या नालायकपणानं राहिली. शाळेत पी. टी. मास्तर म्हणून मी रोज पोरांवर "सावधान" म्हणून ओरडतो, अख्ख्या मैदानाला ऐकू जातं. पण तुझ्यासमोर चार शब्द बोलायला माझी जीभ कधी उचलली नाही.

आणीबाणी उठली त्या वर्षी मी बावीसचा होतो. घरी धानाची शेती आणि सगळ्यांच्या गळ्यात माळ. आमच्या उंबऱ्याच्या आत अंडंसुद्धा येत नव्हतं. आणि मला व्हायचं होतं बॉडीबिल्डर! गुलाबवस्तादांच्या व्यायामशाळेत सकाळ-संध्याकाळ जोर, बैठका, मुद्गल. लोखंडी दांड्याच्या दोन्ही टोकांना सिमेंट भरलेले डबे, तीच आमची वजनं. भंडाऱ्याला जिल्ह्याची शरीरसौष्ठव स्पर्धा व्हायची. अंगाला तेल चोळून तिथे उभं राहायचं आणि माइकवरून आपलं नाव पुकारलेलं ऐकायचं, एवढंच माझं त्या वयातलं स्वप्न होतं. त्यापायी मी एक नोकरी आणि दोन स्थळं नाकारली.

फाटकाबाहेर तू. मरळ, झिंगे, हंगामात शिंगाडे. आम्ही घामेजून बाहेर पडलो की तुझी चौकशी सुरू.

"काय रे रामेसर, आज किती बैठका?"

"पाचशे."

"अन् जेवला का?"

"प्रोटीन."

"थे का अस्ते बाप्पा?"

"तुले नाही समजाचं मावशी."

"नोको समजू दे. पन वास लय येऊन राहिला तुह्या प्रोटीनचा. माह्या मासोऱ्या बऱ्या."

खोटं नव्हतं ते. पण तेव्हा मी कोणाचं ऐकतो! माझ्याकडे नागपूरच्या रद्दीतून आणलेलं एक इंग्रजी मासिक होतं. निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली. उरलेल्यात एका गोऱ्याचा फोटो, मांड्या आमच्या धानाच्या ढोल्यांएवढ्या. खाली लिहिलेलं, शरीराच्या वजनाच्या दर पौंडामागे रोज एक ग्रॅम प्रोटीन. मी एकशे चाळीस पौंडांचा. म्हणजे एकशे चाळीस ग्रॅम. वस्ताद म्हणायचे, "दूध पी, चणे खा, मन भरून झोप." पण मला ग्रॅममध्ये पाहिजे होतं. डब्यातली पावडर मी नागपूरला दुकानाच्या काचेआडून पाहिली होती, आणि ती तेवढीच पाहायची वस्तू होती. मांसमच्छी घरात चालणार नाही. दूध होतं ते चहापुरतं. मग शाळेतल्या विज्ञानाच्या सरांकडे डाळींचा तक्ता बघितला आणि उडालोच. सगळ्यांत वर कोण? लाखोरी! आपली लाखोरी! जी आपण उभ्या धानात, बांधीत ओल असतानाच फेकून देतो, ना नांगर ना पाणी, आपोआप उगवते आणि ढोरंही खातात, ती! रोज अर्धा किलो लाखोरी खाल्ली की त्या गोऱ्याएवढं प्रोटीन माझ्या पोटात. मला वाटलं, हे अख्ख्या जिल्ह्यात कोणाला सुचलं नाही, मलाच सुचलं.

खरंच कोणाला सुचलं नव्हतं. शहाणे होते सगळे.

माझी आई लाखोरीची डाळ भिजत घालायची, ते पाणी फेकायची, मग उकळी फुटली की वरचं पहिलं पाणीही न्हाणीत ओतायची आणि दुसऱ्या पाण्यात शिजवायची. आठवड्यातून एखाद दिवशी, तीही निम्मी तूर घालून. का म्हणून विचारलं तर, "आमची माय तसंच करे." झालं उत्तर. मला मात्र त्या पाण्याबरोबर ग्रॅमच्या ग्रॅम प्रोटीन मोरीतून वाहताना दिसायचं. एक दिवस मी तिच्या हातातलं पातेलं धरलं. "अवो माय, सारी ताकद न्हानीत ओतून राहिली तू!" आईनं माझ्याकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं आणि पातेलं परत चुलीवर ठेवलं. मुलगा शिकलेला, त्याला जास्त कळतं, असं वाटलं असेल बिचारीला. त्या दिवसापासून आमच्या घरी लाखोरीचं पाणी फेकणं बंद. वर सकाळी उठल्याबरोबर मी लाखोरीचं कच्चं पीठ ताकात कालवून पिऊ लागलो, तांब्याभर.

भात बंद केला. भातानं पोट सुटतं म्हणे. भंडारा जिल्ह्यात जन्मून भात बंद!

पहिले दोन महिने काय सांगू मावशी, मी फुगलो. छाती भरली, दंड भरले. आरशासमोरून हलेना. बाकी हाल होते, पण ते मी मोजत नव्हतो. घशाला सारखी कोरड, लघवीला फेस, पोट दगडासारखं, आणि वाऱ्याचा त्रास असा की व्यायामशाळेत माझ्या शेजारी कोणी सतरंजी टाकेना. तू तेव्हा मला बैलाची गोष्ट सांगितली होतीस.

"बैलालेबी ढेप जास्त चारली त थो हगते. आंगाले लागते तेवढंच आंग ठेवून घेते रे. बाकी बाहीर."

"बैल येगळा, मानूस येगळा मावशी."

"हौ, येगळाच. बैल पोट भरलं की थांबते."

हेच ते भांडण. तुझं म्हणणं, अंग मागेल तेवढंच त्याला द्यावं. माझं म्हणणं, अंगाला काय कळतं, आपण भरत राहावं, ते घडत राहील. दहा वर्षं आपण दोघंही त्याच जागेवर उभे होतो. पण एक चूक माझी, आणि ती मोठी. तुला मी नेहमी "प्रोटीन" म्हणत राहिलो. ऐट होती ना! तोंडानं एकदा जरी "लाखोरी" म्हटलं असतं, तर तू त्याच दिवशी टोपलं टाकून उठली असतीस.

तिसऱ्या महिन्यात पिंढऱ्या ओढायला लागल्या. सकाळी उठलो की दोन्ही पाय ताठ, लाकडासारखे. मी खूश! व्यायामात एक गोष्ट पक्की शिकवलेली असते, दुखतं ते वाढतं. पाय दुखताहेत म्हणजे मांड्या गोऱ्यासारख्या होताहेत. मी बैठका वाढवल्या, लाखोरीही वाढवली. मग गुडघे, आपले टोंगळे, थरथरायला लागले. चालता चालता चप्पल सुटायची. पायरीला ठेच लागायची, सपाट जागीही लागायची. रात्री अंथरुणात पाय आपोआप झटका द्यायचे. आईला सांगितलं नाही. स्पर्धेला महिना उरला होता आणि मला कोणाचा "राहू दे आता" ऐकायचा नव्हता.

त्या दिवशी बाजार होता. मी फाटकातून बाहेर आलो आणि तू गिऱ्हाईक सोडून उठलीस. मनगट धरलंस माझं. वस्तादांची नव्हती अशी पकड.

"चप्पल काढ."

"काहून?"

"काढ म्हनलं ना!"

तू चप्पल उलटी करून पाहिलीस. पुढून पार झिजून भोक पडायला आलेली. मागचा, टाचेकडचा रबर नवा कोरा. तू ती खाली ठेवलीस, मासे धुवायचं घमेलं उचललंस आणि भसकन फाटकातल्या फरशीवर ओतलंस.

"आता पान्यातून चाल. तिकडं, सुक्या फरशीवर जा."

पोरं हसत होती. वस्ताद टॉवेलनं मान पुसत बाहेर आले. मला वाटलं, बाईला चढली की काय दिवसाढवळ्या. तरी चाललो, सुटका व्हावी म्हणून. दहा पावलं गेलो आणि मागे वळून बघितलं.

फरशीवर बोटं उमटली होती, चवडे उमटले होते. टाचा नव्हत्या. एकाही पावलाला टाच नव्हती. डाव्या पायाच्या अंगठ्यानं ओली रेघ ओढली होती, ठशापासून ठशापर्यंत.

"टाच कुठी गेली रे तुही?" तू एवढ्या हळू विचारलंस की तो आवाज तुझा वाटेना. "का खाऊन राहिला तू? खरं सांग."

"लाखोरी."

तू त्या ओल्या फरशीवर मटकन बसलीस. मग वस्तादांकडे बघून म्हणालीस, "वस्ताद, याच्या बैठका आजपासून बंद. याले भंडाऱ्याले नाचाले बी नेऊ नोका. याचे पाय जाऊन राहिले."

आणि मी काय केलं? भर बाजारात, पोरांच्या देखत, तुझा हात झटकला आणि म्हणालो, "तू मासे वीक. ढिवरनीनं मले बॉडी शिकवाची गरज नाही." हे लिहितानाही हात थांबला माझा. पण लिहितो. तू गेल्यावर तरी खरं लिहावं. तू नुसती माझ्या पायांकडे बघत होतीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी तू आमच्या घरी आलीस. टोपलं बाहेर निंबाखाली ठेवलंस, विहिरीवर हातपाय धुतलेस, आमची माळ तुला ठाऊक होती, आणि उंबऱ्याच्या बाहेर मांडी घालून बसलीस. आईला म्हणालीस, "बाई, तुह्या घरची सारी लाखोरी बाहीर काढ. तवरिक मी उठत नाही."

आई गोंधळली. "लाखोरी त सारेच खातेत."

"पयलं पानी फेकतं का?"

"हा फेकू देत नाही."

तू स्वतःच्या कपाळावर हात मारलास. एवढ्या जोरानं, की आतल्या खोलीत मला आवाज आला. मी तावातावानं बाहेर आलो, बरंच बोललो, आता आठवत नाही आणि आठवायचंही नाही. तू फक्त पदर डोक्यावर ओढलास. उन्हं डोक्यावर आली. निंबाखाली तुझ्या मासोऱ्यांवर कावळे उतरले, वास सुटला. तुझा अख्खा दिवसाचा धंदा आमच्या अंगणात सडत होता आणि तू बसलेली. शेवटी आई उठली. तिनं एकटीनं पोतं ओढत अंगणात आणलं आणि शेणखड्ड्यात रिकामं केलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. तेव्हा तू उठलीस, टोपलं उचललंस आणि गेलीस.

वस्तादांनी माझं नाव स्पर्धेतून काढलं. ज्या दिवशी भंडाऱ्याला माइक वाजत होता त्या दिवशी मी घरी पाय पसरून बसलो होतो आणि तुला शिव्या देत होतो. पुढे वर्षभर मी तुझ्याशी बोललो नाही. फाटकावरून जाताना मान वळवून जायचो. पण तू बघते आहेस हे पाठीला कळायचं. पाठीला नाही, टाचांना.

आईनं मला नागपूरला नेलं. डॉक्टरांनी टोंगळ्यावर छोटी हातोडी मारली, पाय असा उडाला की त्यांच्या टेबलाला लागला. काय खातो, किती खातो, कसं शिजवतो, सगळं विचारलं. मग चष्मा काढून म्हणाले, "अजून महिना-दोन महिने खाल्लं असतंस तर हातात काठी आली असती आणि ती सुटली नसती. ह्याला औषध नाही. वेळेवर बंद करणं, एवढंच औषध." त्यांनी मला बसवून समजावलं. त्या डाळीत एक विष असतं, भिजवून आणि उकळून पाणी फेकलं की बरंचसं निघून जातं. थोडी खाल्ली तर अंग सोसतं. ढिगानं आणि कच्ची खाल्ली की पायांच्या नसा जातात. आणि प्रोटीनचं म्हणाल तर ज्याची गरज आहे त्यावरचं शरीर साठवून ठेवत नाही. जाळतं, नाहीतर लघवीतून काढतं, आणि तो भार बाकीच्या अवयवांना. "भात सोडलास म्हणजे तू डाळ खाऊन तीच जाळत होतास. चुलीत सागवान घालण्यासारखं आहे हे." मला बैल आठवला. तू आणि ते एकच सांगत होतात. ते शिकून सांगत होते, एवढाच फरक.

मग त्यांनी विचारलं, "पण एवढ्या लवकर ओळखलं कोणी? आमच्याकडे माणसं काठी घेऊनच येतात."

मी म्हणालो, "मीच ओळखलं सर. मला संशय आला."

शाबास म्हणाले. आई शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मान खिडकीकडे वळवली. हीच ती गोष्ट, मावशी. हीच तुला सांगायची राहिली. तुझं नाव सांगायला मला तिथे कमीपणा वाटला. कोण होती तू? माझी ना नात्याची ना गोत्याची. मासे विकणारी एक बाई, जिला मी भर बाजारात नको ते बोललो होतो.

पाय परत आले. पूर्ण नाही, डावी पिंढरी अजून थंडीत ओढते. पण आले. वर्षानं मी व्यायामशाळेत परत उभा राहिलो, वस्तादांचं ऐकून. आईनं एक म्हैस घेतली. दूध, दही, भिजवलेले चणे, शेंगदाणे, तुरीचं घट्ट वरण आणि पोटभर भात. ग्रॅम मोजले तर आधीच्या निम्मेही नसतील. आणि अंग आधीपेक्षा बरं भरलं! म्हणजे त्या भांडणातली पहिली फेरी तुझी, मान्य करतो. जिवंतपणी मान्य केलं नाही, ते सोड.

तू परत बोलायला लागलीस तेही कसं! मी मान वळवून चाललो होतो, आणि पाठीवर काहीतरी येऊन लागलं. शिंगाडा. उकडलेला.

"खाऊन पाय. तळ्यातला आहे, पानी फेकून शिजवला."

"यात प्रोटीन नाही मावशी."

"मंग त बरंच आहे."

मी हसलो आणि वर्षाचा अबोला तिथेच संपला. तू मला शिंगाडे देत राहिलीस, मी खात राहिलो. मासे खा म्हणून तू दहा वर्षं मागे लागलीस. "एक मरळ खाय, तुह्या अर्ध्या म्हशीएवढी ताकद आहे." मी माळ दाखवायचो. तू म्हणायचीस, "बरं, मरळ नोको खाऊ. माह्या घरी भात-वरन त खाशीन? एक दिवस जेवाले ये." मी तिथेही माळच दाखवायचो. एकदा तू विचारलंस, "शिंगाड्याले कोनती जात अस्ते रे?" आणि मी शिंगाडा सोलत बसलो. माळ हे कारण होतं मावशी, पण सगळं कारण माळ नव्हती. तुला ते कळत होतं. मलाही कळत होतं.

पुढे मी जिल्ह्यात पहिला आलो. पवनीत सत्कार झाला, मांडव, हार, माइक. मी भाषणात आईचे आभार मानले, वस्तादांचे मानले, नागपूरच्या डॉक्टरांचे मानले, "त्यांनी मला माझे पाय परत दिले" असं म्हणालो. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तू बायांच्या बाजूला मागे उभी होतीस, डोक्यावर रिकामं टोपलं. दुसऱ्या दिवशी मी फाटकातून घाबरत निघालो. तू म्हणालीस, "चांगला बोल्ला. भोंगा लय कुरकुरत होता पन." बस्स, एवढंच. मी घरी जाऊन जेवलो नाही त्या दिवशी. भूक नव्हती असं आईला सांगितलं.

आता व्यायामशाळेत नवी पोरं येतात. घरी टीव्ही आलाय, त्यावर पाहतात. कोणी गोळ्या आणतो, कोणी नागपूरहून सुया टोचून घेऊन येतो, दोन महिन्यांत दंड असे की सदरा फाटावा. मी ओरडतो, ती हसतात. मागच्या वर्षी तू त्यांना बघून मला म्हणाली होतीस, "यायच्या टाचा बऱ्या आहेत रामेसर, पन डोळे बरे नाहीत." तेवढं तुझं मी पोरांना सांगतो. भात खा, वरण खा, घाम गाळा, अंगाला वेळ द्या. रोज कोणीतरी विचारतंच, "सर, प्रोटीन किती?" मी सांगतो, "आंग मागल तेवढं." तुझंच वाक्य. पण तुझं आहे असं मी कधी सांगत नव्हतो. आता सांगतो. काल तर तुझं नावच सगळ्यांसमोर घेतलं.

काल तुझी तेरवी होती. दहा वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्या अंगणात पाऊल टाकलं. तुला एक भाऊ आहे, तो घराबाहेर येत नाही, एवढंच मला ठाऊक होतं. का येत नाही, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. तो भिंतीला टेकून पोत्यावर बसला होता. शेजारी दोन आखूड काठ्या. पाय एकमेकांत कैचीसारखे अडकलेले, टाचा वर, बोटं मातीत. मी ते पाय बघितले. सांगायला डॉक्टर नको होता.

लोक बसले होते, तुझ्याबद्दल बरं बोलत होते. मी उभा राहिलो. माइक नव्हता. मी म्हणालो, "माझे पाय डॉक्टरांनी वाचवले असं मी भाषणात बोललो होतो. खोटं बोललो. ह्या बाईनं वाचवले. हिनं ओळखलं, हिनं माझ्या दारात बसून माझ्या घरातली लाखोरी काढली, आणि त्याच्या आदल्या दिवशी मी हिला नाही नाही ते बोललो होतो." एवढा मोठा पहिलवान, सगळ्यांसमोर लहान पोरासारखा रडलो. रडू दे. तुझ्यापायी रडलो, त्यात काय लाज?

तुझा भाऊ, सदूभाऊ, सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "तिनं कसं ओळखलं, सांगतलं नाही का तुले कदी?"

"नाही."

"आमाले माय-बाप नोयते. बाईनंच मले पोसलं. एका साली धान पिकलाच नाही, बांधीत निस्ती लाखोरी. मी कामाचा पोट्टा, नांगर हाकलनारा. म्हून मले जास्त वाढे. सोता उपाशी राहे अन् मले वाढे. पानी बी फेके नाही, तेवढीच पेज होते म्हने." तो काठीनं माती उकरत होता. "मी रोज म्हनो, बाई, पाय आखडून राहिले. थे म्हने, काम जास्त होऊन राहिलं तुले, अजून खाय. तिले का मालूम होतं? मी कदी बोल लावला नाही. पन तिनं सोताले कदी माफ केलं नाही."

मावशी, दहा वर्षं मला वाटत होतं, तू मला काही शिकवायला निघाली होतीस. आणि मी तुला म्हणालो होतो, मला शिकवायची गरज नाही. किती मोठ्या मनाची होतीस ग तू! ज्या गोष्टीचं नाव काढलं तरी तुझा जीव जळत असेल, ती घेऊन तू माझ्या दारात येऊन बसलीस. स्वतःचं काही न सांगता. माझ्या शिव्या खात. तुझे उपकार मी कशानंही फेडू शकत नाही, आणि फेडायचेही नाहीत मला. राहू दे ते माझ्या अंगावर, जन्मभर.

सदूभाऊ माझ्याकडे बघत होता. चेहऱ्याकडे नाही. "जरासा चालून दाखव," म्हणाला.

"आत्ता?"

"हौ. त्या कोपऱ्यावरिक."

मी स्टेजवर हजार माणसांसमोर उभा राहिलोय. दिव्यांच्या झोतात दंड फुगवलेत, पाठ दाखवलीय. कधी छाती धडधडली नाही. काल तुझ्या सारवलेल्या अंगणात, दहा-पंधरा माणसांसमोर, मी चप्पल काढली आणि डावा पाय आधी टाकू की उजवा, तेच कळेना. कोपऱ्यापर्यंत गेलो. मागून सदूभाऊचा आवाज आला, कोणाला तरी सांगत असावा तसा.

"रोज सांजेले येऊन थे पयले हेच सांगे मले. टोपलं डोक्यावरून उतरवाच्या आदी. 'सदू, रामेसरची टाच आज बी टेकली.' मंग आमी दोघं जेवाले बसो."

मी वळलो. परत चालत आलो, सावकाश, प्रत्येक पावलाला आधी टाच ठेवत, त्याला नीट दिसावं म्हणून. तो खाली वाकून बघत होता. मी त्याच्यासमोर येऊन थांबलो.

"टेकली," तो म्हणाला. "चाल, आता जेवाले बसू."

आम्ही जेवायला बसलो.